परदेशी राहणाऱ्यांचे मायदेशातील बँक खाते

कुवेत, दुबई, मस्कत, दोहा ही नावे आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत एकेकाळी विरार-बोरिवलीइतकीच परिचयाची झाली. पुढे त्यांत इस्राएल, कॅनडा व न्यूझीलंडची भर पडली. बोटीवर जाणारे तर पूर्वीपासूनच होते. परदेशी गेलेला मुलगा वा मुलगी पहिला पगार हाती आल्यावर जो प्रश्न घरी विचारते तो ठरलेला असतो : पैसे कोणत्या खात्यावर पाठवू? घरून उत्तर जाते, बाबांच्या खात्यावर पाठव. हे उत्तर पुष्कळदा अपुरे असते. पैसा ज्या खात्यात जाऊन पडतो, त्यावरून तो कायद्याने कोणाचा, त्यावर कर किती आणि उद्या गरज पडल्यास तो पुन्हा परदेशी नेता येईल की नाही, या तिन्ही गोष्टी ठरतात. म्हणून परदेशी राहून भारतात खाते कसे उघडावे, कोणते उघडावे आणि पुढे त्याचे काय करावे, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

अनिवासी कोणास म्हणावे?

येथे दोन निरनिराळे कायदे लागू होतात व त्यांची गल्लत केल्याने बराच गोंधळ माजतो. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला सर्वजण 'फेमा' म्हणून ओळखतात, तो १९९९ चा असून १ जून २००० पासून अमलात आला. या कायद्यानुसार जो नोकरी, व्यवसाय अथवा अनिश्चित काळ राहण्याच्या हेतूने भारताबाहेर जातो तो निघाल्यापासूनच अनिवासी ठरतो. किती दिवस उलटले हे पाहिले जात नाही. आयकर कायदा मात्र दिवस मोजतो. समजा, एखादा तरुण नोव्हेंबरमध्ये नोकरीसाठी कुवेतला गेला. एप्रिलपासून तोवर तो १८२ पेक्षा अधिक दिवस भारतात होता, म्हणून त्या आर्थिक वर्षापुरता तो आयकरासाठी निवासीच राहतो. बँकेच्या दृष्टीने मात्र तो अनिवासी झालेला असतो. बँक खात्याचा प्रकार फेमावरून ठरतो, आयकरावरून नव्हे.

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ साली अनिवासी मानण्याचा खुलासा केला. मुलाकडे तीन महिने राहण्यास गेलेले आईवडील किंवा यात्रेला गेलेले लोक यांना हे लागू नाही. ते निवासीच राहतात.

जुन्या खात्याचे काय?

परदेशी जाण्यापूर्वीचे जे साधे बचत खाते असते ते तसेच चालू ठेवण्याची चूक सर्रास होते. नियम असा की, खातेदार अनिवासी झाल्यावर त्याने बँकेस कळवून ते खाते एन.आर.ओ. प्रकारात बदलून घ्यावे. खाते बंद करावे लागत नाही, वेगळ्या शीर्षाखाली ते पुढे चालते. कित्येकजण दहा-दहा वर्षे कळवीत नाहीत आणि त्याच खात्यावर परदेशातील पगार, घरचे भाडे व मुदत ठेवी सारे एकत्र चालवतात. फेमाच्या भंगाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम निश्चित करता येत नसेल तर तो दोन लाख रुपयांपर्यंत असतो. सामान्य पगारदारावर एवढी वेळ क्वचितच येते हे खरे, पण जमीन विकताना, कर्ज काढताना वा आयकराची नोटीस आल्यावर हे प्रकरण वर येते व तेव्हा जुने सर्व व्यवहार सुटे करून दाखवावे लागतात. ते काम दंडापेक्षाही जिकिरीचे असते.

तीन प्रकारची खाती

एन.आर.ओ. म्हणजे अनिवासी व्यक्तीचे साधे रुपयांचे खाते. भारतात उत्पन्न होणारा पैसा येथे यावा : खोलीचे भाडे, निवृत्तिवेतन, समभागांवरील लाभांश, वडिलोपार्जित जागा विकून आलेला हिस्सा. या खात्यावरील व्याज करपात्र आहे आणि बँक त्यातून ३० टक्के व अधिक उपकर, म्हणजे सर्वसाधारणपणे ३१.२ टक्के रक्कम आधीच कापून घेते. निवासी ठेवीदारांना व्याजाच्या ठरावीक रकमेपर्यंत कपातीतून जी सूट मिळते ती येथे नाही. तथापि, ज्या देशांशी भारताचा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, तेथील रहिवाशांना कमी दर मागता येतो. व्याजासाठी हा दर कुवेतच्या करारात १० टक्के, संयुक्त अरब अमिरातीच्या करारात साडेबारा टक्के, तर कॅनडाच्या करारात १५ टक्के आहे. त्यासाठी त्या देशाच्या शासनाकडून कर-रहिवासी असल्याचा दाखला घेऊन बँकेस द्यावा लागतो. आखातातील आपले बहुतेक लोक हा दाखला मागतच नाहीत व ३१ टक्के सोडून देतात.

एन.आर.ई. खातेही रुपयांचेच, परंतु त्यात केवळ बाहेरून आलेला पैसा जमा होतो. परदेशातून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम, स्वतः बरोबर आणलेले परकीय चलन, दुसऱ्या एन.आर.ई. खात्यातून आलेला पैसा, हे मार्ग मोकळे आहेत. परकीय नोटा पाच हजार डॉलरच्या किमतीहून अधिक असल्यास विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे त्याची घोषणा करावी लागते. सुट्टीवर आल्यावर हाती असलेले रुपये मात्र या खात्यात रोखीने भरता येत नाहीत. या खात्याचे व्याज, बचतीचे असो की मुदत ठेवीचे, खातेदार फेमानुसार अनिवासी असेपर्यंत भारतात करमुक्त असते. मुद्दल व व्याज दोन्ही केव्हाही परदेशी नेता येतात. मुदत ठेव किमान एक वर्षाची असावी लागते व वर्ष भरण्याआधी मोडल्यास काहीही व्याज मिळत नाही. हे खाते १९७० सालापासून चालू आहे.

तिसरे एफ.सी.एन.आर. हे बचत खाते नसून केवळ मुदत ठेव आहे. एक ते पाच वर्षांची ही ठेव परकीय चलनातच राहते आणि त्याच चलनात परत मिळते. तिचेही व्याज करमुक्त असते. बँका साधारणतः डॉलर, पौंड, युरो, जपानी येन, कॅनेडियन व ऑस्ट्रेलियन डॉलर स्वीकारतात. दिरहॅम वा रियाल मिळवणाऱ्याने डॉलरची ठेव ठेवल्यास त्याला फारशी झळ पोहोचत नाही, कारण डॉलरला ३.६७२५ दिरहॅम आणि ३.७५ सौदी रियाल हे दर अनेक वर्षे स्थिर ठेवलेले आहेत.

या तिन्हींमध्ये एक दरवाजा एकाच बाजूने सहज उघडतो हे पक्के ध्यानात ठेवावे. एन.आर.ई. मधून एन.आर.ओ. मध्ये पैसे वळवणे क्षणाचे काम आहे. उलट दिशेने जाताना कर भरल्याचे पुरावे, विहित अर्ज व बहुधा सनदी लेखापालाचा दाखला लागतो आणि एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरची मर्यादाही असते. ती मर्यादा आपणा सामान्यांना कधी अडणार नाही, कागदपत्रे मात्र अडतील. भाडे व निवृत्तिवेतनासारखे चालू उत्पन्न या मर्यादेत धरले जात नाही, तरी कर भरल्याचे दाखवावेच लागते. म्हणून परदेशी पगार एन.आर.ई. मध्ये व इथले उत्पन्न एन.आर.ओ. मध्ये, अशी दोन खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवणे आम्हांस सर्वांत सोयीचे वाटते.

वाडीच्या मालकांसाठी येथेच एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अनिवासी भारतीयास शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही, मग पैसा कोणत्याही खात्यातला असो. वारसाने आलेली वाडी त्याने ठेवावी, विकायची झाल्यास भारतातच राहणाऱ्यास विकावी. घर किंवा सदनिका घेण्यास अडचण नाही.

पैसा कोणाचा?

आता बाबांच्या खात्याकडे वळू. मुलाने आईवडिलांना खर्चासाठी पैसे पाठवणे पूर्ण कायदेशीर आहे, व ती भेट असल्याने त्यांना त्यावर करही लागत नाही. परंतु ती भेट आहे, म्हणजेच पैसा आता वडिलांचा झाला. पंधरा वर्षांची बचत अशा रीतीने वडिलांच्या नावे ठेवींत साठली आणि वडील मृत्युपत्र न करता वारले, तर महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्यानुसार एक तृतीयांश आईला आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलामुलींना समान वाटले जाते. पाठवणारा एकटा होता ही गोष्ट हिशेबात येत नाही. चार भावंडे असतील तर सारे पैसे पाठवणाऱ्याच्या वाट्याला एक षष्ठांश येतो. गोव्यात वारशाचा कायदा निराळा आहे, तिथल्या वाचकांनी तेथील जाणकारांस विचारावे.

नॉमिनी म्हणून आपले नाव आहे, एवढ्यावर निर्धास्त राहणारेही पुष्कळ आहेत. नॉमिनी हा मालक नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत एवढेच त्याने ठरते व पुढे ते वारसांचेच राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे स्वतःच्या नावावरील एन.आर.ई. खात्यात बचत ठेवावी व घरखर्चापुरते दरमहा आईवडिलांकडे वळते करावे, ही रीत भावंडांतील प्रेम टिकवण्यासही उपयोगी पडते. ज्यांच्या घरात आधीच जुन्या पद्धतीने पैसा साठला आहे, त्यांनी वडील हयात असताना मृत्युपत्राचा विषय काढावा. तो काढणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो.

संयुक्त खात्याचे नियमही यासाठी पाहण्याजोगे आहेत. एन.आर.ई. खात्यात भारतात राहणाऱ्या जवळच्या नातलगाचे नाव 'पहिला अथवा पश्चात राहणारा' या अटीवर घालता येते, म्हणजे खातेदार जिवंत असेपर्यंत त्या नातलगास खात्यावर स्वतःचा अधिकार नसतो. त्याने व्यवहार करायचे तर मुखत्यार म्हणूनच. उलट वृद्ध आईवडिलांच्या साध्या खात्यावर परदेशस्थ मुलाचे नाव दुसरे म्हणून घालण्यास रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून 'दोघांपैकी कोणीही अथवा पश्चात राहणारा' ही सवलत दिली आहे. पण त्या खात्यात मुलाने स्वतःचा पैसा भरता कामा नये. ते खाते आईवडिलांचे व त्यांच्या गरजेसाठीच असते.

नामनिर्देशन मात्र प्रत्येक खात्यावर अवश्य करावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा हिस्साही नमूद करता येतो.

खाते उघडण्याची रीत

जाण्यापूर्वीच नेमणूकपत्र व व्हिसा हाती असेल, तर आपल्या शाखेत जाऊन चौकशी करावी. काही बँका तेव्हाच अर्ज घेऊन ठेवतात. सुट्टीवर आले असता शाखेत स्वतः जाणे हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग होय. पासपोर्ट, व्हिसा अथवा निवासाचा परवाना, परदेशातील पत्त्याचा पुरावा, भारतातील पत्ता, छायाचित्रे व पॅन कार्ड बरोबर न्यावे. आखातात कामगारांची राहण्याची व्यवस्था बहुधा कंपनीच्या छावणीत असते, भाडेकरार वा वीजबिल त्यांच्या नावे नसते. अशा वेळी मालकाचे पत्र अथवा स्थानिक ओळखपत्र चालते का, हे बँकेस आधीच विचारून घ्यावे. नाहीतर सुट्टीचे दिवस शाखेच्या खेपा घालण्यातच जातात.

परदेशातूनच अर्ज पाठवायचा झाल्यास कागदपत्रांच्या प्रतींवर भारतीय दूतावास, नोटरी किंवा त्या देशातील भारतीय बँकेच्या शाखेतील अधिकाऱ्याचे साक्षांकन लागते. कोणाचे चालेल ते बँकेगणिक बदलते. त्याखेरीज आपण कोणत्या देशाचे कर-रहिवासी आहोत याचे स्वयंघोषणापत्र भरावे लागते. ही माहिती देशादेशांची करखाती एकमेकांना कळवीत असतात, म्हणून अमेरिका, कॅनडा व इंग्लंडमधील वाचकांनी एक विसरू नये : भारतात करमुक्त असलेले एन.आर.ई. चे व्याज तेथे करपात्र असू शकते व ते तेथील विवरणपत्रात दाखवावे लागते. आखातातील पगारदारास तूर्त ही चिंता नाही.

प्रत्येक बँकेस अनिवासी खाते उघडण्याची मुभा नाही. वसईत १९१८ पासून बॅसीन कॅथॉलिक बँकेची परंपरा आहे व आपले पहिले खाते बहुधा सहकारी बँकेतच असते. सहकारी बँकांपैकी ज्यांना रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी असेल त्यांच्याकडेच ही खाती काढता येतात, तेव्हा आपल्या बँकेस स्पष्ट विचारावे. ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत आहे. आयुष्याची बचत एकाच बँकेत ठेवू नये, असा सल्ला आम्ही देऊ.

खाते उघडल्यावरची अडचण मोबाईल क्रमांकाची. भारतातील क्रमांक बंद पडला की बँकेचा ओटीपी येत नाही व खाते असून नसल्यासारखे होते. परदेशातील क्रमांक नोंदवून घ्यावा. २०२३ पासून अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, इंग्लंड व कॅनडा यांसह काही देशांच्या क्रमांकांवरून एन.आर.ई. व एन.आर.ओ. खात्यांस यूपीआयची सोयही देण्यात आली आहे.

बोटीवरील मंडळी

खलाशांचा प्रश्न थोडा वेगळा, कारण त्यांना परदेशात पत्ताच नसतो. त्यांच्यासाठी सी.डी.सी. पुस्तिका व कंपनीचा करारनामा हेच मुख्य पुरावे. परदेशी जहाजावर काम करणाऱ्या अनिवासी खलाशाचा पगार भारतातील एन.आर.ई. खात्यात जमा झाला, म्हणून तो येथील उत्पन्न ठरतो काय, यावर पूर्वी वाद झाले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०१७ च्या परिपत्रकाने, केवळ एन.आर.ई. खात्यात जमा होण्याने तो करपात्र होत नाही, असा निर्वाळा दिला. पण वर्षातील समुद्रावरील दिवस पुरेसे भरले पाहिजेत. करार लवकर संपून घरी यावे लागलेल्या वर्षी ही मोजणी चुकते, म्हणून पुस्तिकेतील व पासपोर्टवरील शिक्के जपून ठेवावेत.

मुखत्यारपत्र

पत्नीस किंवा वडिलांस खात्यावर व्यवहार करण्यासाठी मुखत्यारपत्र देता येते. मुखत्याराने स्थानिक खर्च भागवावा, परवानगी असलेली गुंतवणूक करावी, खातेदाराला त्याचा पैसा परदेशी पाठवावा. खातेदाराच्या वतीने कोणास भेट देण्याचा वा नवे अनिवासी खाते उघडण्याचा अधिकार त्यास नाही. परदेशात करून पाठवलेल्या मुखत्यारपत्रावर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खातेदाराच्या मृत्यूबरोबर मुखत्यारपत्र संपते. दुःखाच्या दिवसांत घरचे लोक एटीएम कार्डाने पैसे काढत राहतात, आणि पुढे सून व सासरचे यांच्यात तोच तंट्याचा मुद्दा होतो. अशा वेळी प्रथम बँकेस कळवावे.

रुपया की डॉलर?

२००८ च्या प्रारंभी डॉलर सुमारे ४० रुपयांस होता, २०२२ साली तो ८० च्या पुढे गेला. ज्याला अखेरीस इथेच घर बांधायचे व म्हातारपण काढायचे आहे, त्याने एन.आर.ई. ठेवीचे अधिक व्याज घ्यावे हे रास्त. परंतु ज्याची मुले टोरांटोत शिकणार आहेत त्याचा खर्च डॉलरमध्ये आहे. त्याने निदान काही भाग एफ.सी.एन.आर. मध्ये ठेवावा.

सारा पैसा नोकरीच्या देशातच ठेवणाऱ्यांना १९९० सालची आठवण द्यावीशी वाटते. ऑगस्टमध्ये इराकने कुवेत व्यापला, तेव्हा एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे मायदेशी आणावे लागले. त्यांतील अनेकांचे पैसे तेथील बँकांत अडकले होते व हातातील दिनारांना कोणी विचारीत नव्हते. ज्यांनी महिन्याच्या महिन्याला घरी पाठवले होते त्यांच्यापाशी निदान तेवढे उरले.

कायमचे परतल्यावर

परत आल्यावर बँकेस लगेच कळवून एन.आर.ई. व एन.आर.ओ. खाती साध्या निवासी खात्यांत बदलावी लागतात. तेव्हापासून एन.आर.ई. च्या व्याजाची करमुक्ती संपते. एफ.सी.एन.आर. ठेव ठरलेल्या दराने मुदतीपर्यंत चालू राहू शकते. परकीय चलन तसेच ठेवायचे असल्यास आर.एफ.सी. नावाचे खाते काढता येते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांस आयकर कायदा परतल्यानंतर साधारण दोन-तीन वर्षे 'निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे' असा दर्जा देतो व त्या काळात आर.एफ.सी. चे व्याज करमुक्त राहते.

परदेशातील खाते चालू ठेवण्यास फेमाची हरकत नाही, कारण तो पैसा तेथे राहत असताना मिळवलेला असतो. मात्र वरील दर्जा संपून पूर्ण निवासी झाल्यावर ते खाते आयकर विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक आहे. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ते न दाखवल्यास दहा लाख रुपये दंड सांगितला आहे. स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेस ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून वगळण्यात आले, पण दाखवण्याचे बंधन तसेच आहे. आखातातील खाते नको असेल तर निघण्यापूर्वी क्रेडिट कार्डाची बाकी चुकती करून, खाते बंद केल्याचे पत्र हाती घेऊनच विमानात बसावे.

राहिली विसरलेली खाती. दोन वर्षे खातेदाराने काही व्यवहार न केल्यास खाते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तरीही खातेदार अथवा वारस ती बँकेकडून मागू शकतात. आखातात गेलेल्या आजोबांचे एखादे खाते कोठे असावे असा संशय असल्यास, रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सुरू केलेल्या 'उद्गम' संकेतस्थळावर नाव घालून शोध घेता येतो. नाव आढळल्यास मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद व जुने पासबुक असेल तर तेही घेऊन संबंधित शाखेत जावे.